कयाकच्या शर्यतीतली काठावरची माणसं

कोल्हापुरात आता 'आयर्नमॅन' (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारणारे, रविवारी सायकल घेऊन राधानगरीकडं सुटणारे, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत पळून आलेले, असं कुणी ना कुणी प्रत्येक पेठेत सापडतं. त्यांच्या घरच्यांना एक नियम पाठ असतो: आयर्नमॅनमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतली की खेळाडू बाद होऊ शकतो. आईनं बॅरिकेडवरून केळं पुढं केलं तरी पोरानं ते घ्यायचं नाही. त्यामुळं अशाच एखाद्या घरातला मुलगा परदेशातून कळवतो की मी लांब पल्ल्याच्या कयाक शर्यतीत उतरतोय, मला दोन गाड्या आणि रात्रभर जागणारी चार माणसं लागतील, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, हे चालतं तरी कसं?

चालतं. काही शर्यतींत तर काठावर आपली माणसं नसतील तर पाण्यात उतरूच देत नाहीत. सुरुवातीला मात्र असं नव्हतं. काठावरून काय द्यायचं, कुठं द्यायचं आणि कुणी द्यायचं, यावरून या खेळात बरीच वर्षं घासाघीस झाली आहे. माझ्या मते या शर्यती समजून घ्यायच्या तर विक्रमांच्या यादीपेक्षा ही घासाघीस बघावी.

मुळात कयाक ही एकट्याची होडी. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली, ती एका माणसाला आवाज न करता शिकारीजवळ जाता यावं म्हणून. युरोपात तिचा शौक लागला 1865 नंतर. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलानं 'रॉब रॉय' नावाच्या होडीतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कनूचा, म्हणजे अशाच वल्हवायच्या छोट्या होड्यांचा, क्लब निघाला. 1907 मध्ये जर्मनीत योहान क्लेपर यांनी घडी घालून पिशवीत भरता येणाऱ्या कयाकचं उत्पादन सुरू केलं. होडी रेल्वेनं नेता येऊ लागली आणि लांबचे प्रवास सुरू झाले.

त्यातला सगळ्यात अचाट प्रवास ऑस्कर स्पेक या जर्मन माणसाचा. 1932 मध्ये तो डॅन्यूब नदीवर उल्म इथं घडीची कयाक घेऊन पाण्यात उतरला आणि सात वर्षांनी, 1939 च्या सप्टेंबरात, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत तो कराचीकडून आपल्या पश्चिम किनाऱ्यानं खाली सिलोनपर्यंत वल्हवत गेला. म्हणजे आपल्या घाटाखालच्या कोकणातल्या कुणा कोळ्यानं त्याला नक्की बघितलं असणार. त्याच्या पाठीशी कसलं पथक नव्हतं. ऑस्ट्रेलियात पोहोचला तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळं स्वागत झालं ते शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक करून.

काठावरच्या माणसांची गोष्ट सुरू होते ती महायुद्धानंतर, आणि ती इंग्लंडमधल्या डिव्हायझेस या छोट्या गावातून. 1948 च्या ईस्टरला तिथल्या चार रोव्हर स्काउटांनी, म्हणजे स्काउटांतल्या मोठ्या पोरांनी, पैजेवर केनेट-एव्हन कालव्यातून आणि पुढं थेम्स नदीतून थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत जायचं ठरवलं. अट 100 तासांच्या आत पोहोचण्याची. कालवा तेव्हा पार मोडकळीला आलेला, कुठं गाळ, कुठं वेलींचं जाळं. पोरं 89 तास 50 मिनिटांत पोहोचली. पुढं लवकरच ती रीतसर शर्यत झाली आणि आज ती ईस्टरच्या सुट्टीतली जगातली एक नामांकित शर्यत आहे. अंतर 125 मैल, म्हणजे साधारण 200 किलोमीटर. वाटेत 77 ठिकाणी, मुख्यतः पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांपाशी, म्हणजे लॉकपाशी, होडीतून उतरायचं, होडी खांद्यावर टाकायची, पळत पलीकडं जायचं आणि परत पाण्यात बसायचं. दोघांच्या होडीतले मोठे स्पर्धक हे सगळं न थांबता, रात्र धरून करतात. बाकीच्या गटांना चार दिवसांचे टप्पे असतात. 1979 मध्ये ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश यांनी हे अंतर 15 तास 34 मिनिटं 12 सेकंदांत कापलं, आणि तो विक्रम चार दशकांहून जास्त टिकला.

या शर्यतीला ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स आणि छत्रीधारी सैनिकांनी लवकरच आपलं म्हटलं. मला वाटतं, काठावरच्या कामाला शिस्त आली ती त्यांच्यामुळंच. फौजी माणूस रसद म्हटलं की आधी नकाशा उघडतो.

दक्षिण आफ्रिकेची डुसी शर्यत आपल्याकडच्या पळणाऱ्यांना लगेच जवळची वाटेल. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन. म्हणजे कॉम्रेड्सचीच दोन शहरं, फक्त वाट पाण्याची. (पीटरमॅरिट्झबर्गचं रेल्वे स्टेशन आपल्याला शाळेपासून माहीत आहे. 1893 मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं ते तिथंच.) युद्धात इटलीत असताना इयान प्लेयर या तरुणाच्या डोक्यात ही कल्पना आली आणि 1951 च्या डिसेंबरात आठ जण निघाले. सहा दिवस, आठ तास आणि पंधरा मिनिटांनी डर्बनला पोहोचला तो एकटा प्लेयर, वाटेत साप चावलेला असताना. पुढं याच माणसानं पांढरा गेंडा वाचवायच्या मोहिमेत मोठं काम केलं. आज ही शर्यत तीन दिवसांत होते आणि तिथं काठावरच्या माणसाला 'सेकंड' म्हणतात. जुन्या द्वंद्वयुद्धात किंवा मुष्टियुद्धात लढणाऱ्याच्या मागं एक माणूस उभा असायचा, तोच हा.

अमेरिकेत मात्र काठाला मुद्दाम लांब ठेवलं. 1962 मध्ये टेक्सासमधले फ्रँक ब्राउन आणि बिल जॉर्ज हे दोघं इंजिनाशिवाय सॅन मार्कोसपासून समुद्रापर्यंत गेले. त्यांना सुमारे 30 दिवस लागले. पुढच्या वर्षी त्यांनी त्याचीच शर्यत काढली, टेक्सास वॉटर सफारी. आताचं अंतर 260 मैल आणि मुदत 100 तासांची. प्रत्येक होडीमागं गाडीतून जाणारा एक 'कॅप्टन' असायलाच हवा, पण बरीच वर्षं त्याला फक्त पाणी द्यायची मुभा होती. पुढं बर्फ चालू लागला, आणि अन्न तर अगदी अलीकडं. टेक्सासच्या जूनमधल्या उन्हात भुकेला माणूस समोर दिसतोय, गाडीत डबा आहे आणि तो द्यायचा नाही! नियम करणाऱ्यांचं म्हणणं होतं की सगळं होडीतच न्या, नाहीतर सफारी कसली? मला हा युक्तिवाद पटत नाही. माणूस मागं असणं सक्तीचं करायचं आणि त्याचे हात बांधायचे, हे अर्धवट आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते: कॅप्टन खाऊ घालायला नव्हताच, तो होता माणूस हरवू नये म्हणून.

मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीवरची 1947 पासूनची कनू शर्यत याच्या अगदी उलट. रात्री सुरू होऊन 120 मैल चालते आणि तिथं खाऊ घालणं हीच कला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि वेगानं येणाऱ्या होडीतल्या माणसाच्या हातात बाटली अशी द्यायची की वल्ह्याचा ठेका तुटता कामा नये. 2006 ला सुरू झालेली मिसूरी नदीवरची 340 मैलांची शर्यत तर जमेल तितकी पौर्णिमेच्या आसपास ठेवतात, म्हणजे रात्री नदी दिसावी. आणि कॅनडातली युकॉन रिव्हर क्वेस्ट, 715 किलोमीटर, तिथं काठावरच्या माणसाला करायला फारसं काही उरतच नाही. व्हाइटहॉर्सला निरोप द्यायचा, कारमॅक्सला रस्ता नदीला भेटतो तिथं जेवण आणि झोप द्यायची, मग थेट डॉसन सिटी. मधल्या जंगलात बराच पल्ला रस्ताच नाही.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते बघू. माझा भाचा डिव्हायझेसच्या शर्यतीत उतरला तेव्हा त्याच्या मागं चौघं होते: दोन मराठी मुलं, एक गुजराती आणि त्याच्या क्लबातल्या एक वयस्कर इंग्रज बाई. सगळ्यात उपयोगी त्या बाई ठरल्या. त्यांच्याकडं एक प्लास्टिक घातलेला कागद होता, प्रत्येक पुलाचं नाव, गाडी कुठं लावायची, तिथून पाण्यापर्यंत किती पावलं. दोन गाड्या एकमेकींना ओलांडत पुढं जात. एक गाडी या लॉकपाशी उभी, तेव्हा दुसरी पुढच्या पुलाकडं निघालेली.

लॉकपाशी मिळतात ती जेमतेम काही सेकंदं. खेळाडू होडी खांद्यावर घेऊन पळतोय, हात अडकलेले. होडीला हात लावायचा नाही, ती त्यानंच वाहायची. क्रूनं, म्हणजे काठावरच्या माणसांनी, शेजारून उलटं पळत त्याच्या तोंडात घास घालायचा. त्यामुळं घास चावायला लागेल असा नको. ओल्या, बधिर बोटांना वेष्टन उघडत नाही, म्हणून सगळं आधीच सोललेलं, कापलेलं, उघडलेलं. इंग्रज मंडळी डब्यातली तांदळाची खीर देतात. आमच्या पोरांनी मऊ दहीभात आणि आपल्या गुळाचे बारीक खडे नेले होते. ताशी 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा हल्लीचा हिशेब आहे. नुसतं पाणी पाजत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतो, म्हणून बाटलीत मीठही हवं. संध्याकाळ झाली की कोरडे कपडे, डोक्यावरचा दिवा, होडीला चमकणाऱ्या काड्या. इंग्लंडात ईस्टरच्या सुमाराला रात्र चांगलीच गारठवते. आणि एक माणूस सक्तीनं झोपवायचा, कारण चोवीस तास जागा असलेला ड्रायव्हर हा या शर्यतीतला सगळ्यात मोठा धोका आहे, पाणी नव्हे.

एक लॉक चुकलं तर? भाच्याच्या वेळी चुकलं. अरुंद गल्लीत गाडी अडकली आणि पोचेपर्यंत होडी निघून गेलेली. पुढच्या ठिकाणी भाचा कुणाशी बोलला नाही. बाईंनी सांगितलं, "आता त्याला काही विचारू नका, फक्त खायला द्या." कसं वाटतंय, दमलास का, थांबायचं का, हे प्रश्न काठावरून कधीच विचारायचे नसतात हे मला तेव्हा कळलं. थकलेल्या माणसाला 'थांबायचं का' विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

खेळाडूच्या मागं उभं राहणं कोल्हापूरला काही नवं नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, खुराक लावला, खासबाग कुस्ती मैदान उभारलं. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं, हे इथं आजही सांगितलं जातं. पण ही सगळी पाठराखण आखाड्याच्या बाहेरची आणि कुस्तीच्या आधीची. एकदा लांग चढवून पैलवान मातीत उतरला की वस्तादानंही बाहेरून ओरडायचं फक्त. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा आयर्विन पुलावर गर्दी मावत नाही, पण तिथंही बघणाऱ्यानं बघायचं, वल्हवणाऱ्यानं वल्हवायचं. शर्यत चालू असताना बाहेरच्या माणसाचा हात खेळात असणं, हे आपल्या सवयीतलं नाही. म्हणून घरच्यांना सुरुवातीला ते फसवणुकीसारखं वाटतं. माझ्या बहिणीनं तर विचारलंच, "मग पदक कुणाला, ह्याला की त्या बाईला?"

आणि जे काठावरही जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत ट्रॅकर आला. होडीवर किंवा जॅकेटवर छोटं जीपीएस यंत्र, ते थोड्या थोड्या वेळानं उपग्रहाकडं किंवा मोबाइलच्या टॉवरकडं आपली जागा कळवतं आणि नकाशावर एक ठिपका सरकतो. पूर्वी घरी फोन यायचा तो शर्यत संपल्यावर. आता आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात रात्रभर मोबाइल हातात. जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी पुराच्या इशाऱ्याच्या 39 फुटांवर गेली का, धोक्याच्या 43 ला पोहोचली का, हे जसं दर तासाला बघतात, तसाच हा ठिपका बघितला जातो.

तो बघताना काही गोष्टी माहीत असल्या की निम्मी घालमेल कमी होते. एप्रिलात आपलं घड्याळ इंग्लंडच्या साडेचार तास पुढं असतं, आफ्रिकेच्या साडेतीन, तर युकॉनच्या तब्बल साडेबारा तास. ठिपका लॉकपाशी थांबलेला दिसणं हे साहजिक आहे. झाडीखाली किंवा बोगद्यात सिग्नल जातो आणि मग ठिपका एकदम उडी मारून पुढं येतो. सॅव्हरनेकचा बोगदा डिव्हायझेसच्या वाटेवर लवकरच लागतो, तिथं हमखास असं होतं. खरं लक्ष ठेवायचं ते थेम्सवरच्या टेडिंग्टन लॉकवर. तिथून पुढं थेम्स भरती-ओहोटीची, शेवटचे 17 मैल. ओहोटी धरली तर नदीच ढकलते, चुकली तर पाणी उलटं येतं आणि स्पर्धकांना तिथंच अडवून ठेवतात. म्हणून दोघांच्या होड्या सुरुवातीची वेळ उलटा हिशेब करून निवडतात: टेडिंग्टनला कधी पोहोचायचं ते आधी, निघायचं कधी ते नंतर. कुणाची होडी शनिवारी सकाळी लवकर निघते, कुणाची दुपारी, आणि म्हणून नकाशावर पुढं दिसणारा ठिपका शर्यतीत पुढं असेलच असं नाही. आमच्याकडं पहाटे तीनपर्यंत सगळे हळहळत होते की आपला पोरगा मागं पडला, आणि तो ज्यांच्या मागं दिसत होता ते दीड तास आधी सुटलेले होते.

क्रूला फोन मात्र करू नये. त्यांचा एक फोन नकाशासाठी आणि दुसरा दुसऱ्या गाडीशी बोलायला लागतो. आम्ही शेवटी व्हॉट्सअॅपवर एकच ग्रुप केला, त्यात लिहायची परवानगी फक्त गाडीतल्या झोपून उठलेल्या माणसाला.