मेलबर्नचा ब्लेझर आणि न उभारलेले क्रीडा संग्रहालय

हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर यांनी १९८५ साली आपल्याजवळचा मोठा ठेवा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केला. त्यात ३६ पदके होती, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला भारतीय कर्णधाराचा ब्लेझर होता आणि शंभराहून अधिक दुर्मीळ छायाचित्रे होती. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये क्रीडा संग्रहालय उभे राहणार आहे, असे तेव्हा सांगितले जात होते. आपल्या घरातल्या कपाटात पडून राहण्यापेक्षा या वस्तू तिथे पोराटोरांना पाहायला मिळाव्यात, एवढ्याच भावनेने त्यांनी त्या दिल्या. त्या संग्रहालयाची दारे कधी उघडलीच नाहीत. रखडलेल्या क्रीडा संग्रहालयांची चर्चा आपल्याकडे बहुधा निधीच्या आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु विलंबाची खरी किंमत कशात मोजावी लागते, हे समजून घ्यायचे असेल तर या एका ठेव्याचा प्रवास मुळापासून पाहायला हवा.

त्या ब्लेझरचे मोल कळण्यासाठी आधी मेलबर्नला जावे लागेल. लंडन १९४८ आणि हेलसिंकी १९५२ अशी दोन सुवर्णपदके बलबीर सिंग यांच्या नावावर आधीच होती. लंडनच्या अंतिम सामन्यात भारताने यजमान ब्रिटनला ४-० असे हरवले, त्यातले दोन गोल त्यांचे होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते, आणि ते वर्षभरापूर्वीपर्यंत आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्याच राजधानीत मिळाले होते. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सवर ६-१ असा विजय मिळवला आणि सहापैकी पाच गोल एकट्या बलबीर यांनी केले. पुरुषांच्या ऑलिंपिक हॉकीच्या अंतिम सामन्यातला हा विक्रम आजही कायम आहे. मेलबर्नला ते कर्णधार म्हणून गेले. अफगाणिस्तानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाचे हाड मोडले. पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना ते तशाच दुखऱ्या हाताने खेळले आणि भारताने तो १-० असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. ज्या ब्लेझरविषयी आपण बोलतो आहोत, तो या संघाच्या कर्णधाराचा होता.

संग्रहालयाची कल्पना त्याच काळात का पुढे आली, यालाही कारण आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी राजधानीत मोठमोठी क्रीडांगणे बांधली गेली, जुनी दुरुस्त केली गेली. त्या स्पर्धेची ज्योत प्रज्वलित करण्याच्या मानकऱ्यांमध्ये बलबीर सिंग होते. स्पर्धा संपल्यावर या वास्तूंची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली. म्हणजे या संस्थेचा जन्मच मुळी इमारती सांभाळण्यासाठी झालेला होता. पुढे १९८७ मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था चालवणारी यंत्रणाही तिच्यात विलीन झाली आणि प्रशिक्षण, शिबिरे, वसतिगृहे, मार्गदर्शकांच्या नेमणुका असा व्याप वाढत गेला. जुन्या वस्तूंची दाखलनोंद ठेवणे, म्हणजे आलेली प्रत्येक वस्तू नोंदवहीत चढवणे, त्यांचे जतन करणे आणि अभिरक्षक, म्हणजे संग्रहाची निगा राखणारा अधिकारी, नेमून त्या त्याच्या ताब्यात देणे हे वस्तुसंग्रहालयाचे मूळ काम; ते या सगळ्यात नेमके कोणाचे, हे ठरायला हवे होते.

इथे निधीच्या वाटेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण सरकारी कामात ‘पैसे नाहीत’ या दोन शब्दांमागे बरीच मोठी साखळी असते. घोषणा झाली म्हणजे तरतूद झाली असे होत नाही, आणि तरतूद झाली म्हणजे रक्कम हाती आली असेही होत नाही. आधी अंदाजपत्रक तयार होते, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा. अंदाजपत्रक ज्या वर्षाच्या दरसूचीवर केलेले असते, ते वर्ष उलटून दोन-तीन वर्षे गेली की सिमेंट-लोखंडाचे आणि मजुरीचे दर वाढलेले असतात. मग सुधारित अंदाजपत्रक करावे लागते आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. संग्रहालयाच्या बाबतीत याहून मोठी अडचण अशी की, बांधकामाचा खर्च एकदाच दाखवता येतो, पण अभिरक्षकाचा पगार, राखणदार, वीज, आर्द्रता नियंत्रण, कीडनियंत्रण, विमा हा खर्च दरवर्षीचा असतो. कोनशिलेला पैसे मिळतात, या आवर्ती खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात स्वतःचा रकाना, मिळणे फार अवघड जाते. माझ्या मते बहुतेक क्रीडा संग्रहालये इथेच अडतात.

आणि वस्तू तोवर थांबून राहत नाहीत. लोकरीच्या कोटाला कसर लागते आणि एका पावसाळ्यात बाही चाळणीसारखी होऊ शकते. चांदीचे पदक काळे पडते. पदकाची रेशमी फीत घडीवर विरते. गठ्ठ्यात बांधून ठेवलेली छायाचित्रे दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेले की चेहऱ्याचा थर सुटून येतो. यावरचे उपाय महाग नाहीत: आम्लरहित कागद, सुती आवरण, कोरडे कपाट, आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन वर्णनासह केलेली नोंद. त्यासाठी इमारत पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. एक खोली, एक कुलूप आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

बलबीर सिंग यांना आपल्या ठेव्याची अवस्था कळली ती २०१२ मध्ये. लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये आधुनिक ऑलिंपिकच्या वाटचालीचे प्रदर्शन भरले होते आणि त्यासाठी निवडलेल्या १६ ऑलिंपिकवीरांमध्ये त्यांचा समावेश होता. त्या वेळी जुन्या वस्तूंची आठवण निघाली, चौकशी झाली, आणि प्राधिकरणाला त्या कुठे आहेत हे सांगता आले नाही. त्यानंतर पत्रे गेली, माहितीच्या अधिकारात अर्ज झाले, मंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे गेले. मधल्या काळात नॅशनल स्टेडियमला निधी मिळाला नव्हता असेही नाही. २००२ मध्ये त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव दिले गेले, २०१० ची हॉकी विश्वचषक स्पर्धा आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ते जवळजवळ नव्याने बांधले गेले. प्रेक्षकगृहे आली, प्रकाशझोत आले, नवी मैदाने आली. १९८५ साली ज्याच्या भरवशावर वस्तू घेतल्या गेल्या, ते संग्रहालय मात्र आले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या हकिकतीत ओळखीचे काही दिसेल. बलबीर सिंग यांनी हेलसिंकीत पाच गोल केले ती तारीख २४ जुलै १९५२. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच शहरात, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांच्या प्रवासखर्चाची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून ते कर्ज फेडले. कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत त्यांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल व्हावे, अशी घोषणा २००९ मध्ये झाली. त्यासाठी १ कोटी ५८ लाख रुपयांची रक्कम मंजूर व्हायला २०१३ साल उजाडले. तरीही काम उभे राहिले नाही, तेव्हा २०१७ मध्ये खाशाबांच्या चिरंजीवांनी वडिलांचे ऑलिंपिक पदक लिलावात काढून संकुलासाठी पैसा उभा करण्याचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला. संकुल आणि संग्रहालय या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण ज्या पदकासाठी एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, तेच पदक सरकारी निधीच्या विलंबापायी विकायची भाषा घरच्यांना करावी लागावी, ही या राज्याला लागणारी गोष्ट आहे. त्यानंतर खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर झाला.

क्रिकेटची वाट या सगळ्यापेक्षा वेगळी राहिली. पुण्यात २०१२ मध्ये एका तरुण क्रिकेटप्रेमीने खासगी संग्रहातून संग्रहालय सुरू केले, आणि २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबई क्रिकेट संघटनेने आपले स्वतःचे उभे केले. संघटनेकडे पैसा आणि जागा दोन्ही असले की काम होते.

मात्र पैसा असला म्हणजे सगळे निभते असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये मे २००८ मध्ये स्पोर्ट्स म्युझियम ऑफ अमेरिका उघडले. त्यावर ९ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि त्यातला मोठा भाग करमुक्त रोख्यांतून आला होता. प्रेक्षकसंख्येचे अंदाज कोसळले, कर्जाचा बोजा राहिला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये, वर्षही पुरे होण्याआधी, ते बंद पडले. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरातले राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयही दैनंदिन खर्चाच्या ओढाताणीत सापडले होते. ते २०१० मध्ये बंद झाले, पण मँचेस्टरच्या नगर परिषदेने दरवर्षीच्या खर्चाची हमी घेतली आणि २०१२ मध्ये तोच संग्रह नव्या इमारतीत लोकांसमोर आला. छत बदलले, शहर बदलले, वस्तू राहिल्या. कारण त्यांच्या नोंदी होत्या आणि त्यांची जबाबदारी कोणाची हे कागदावर स्पष्ट होते.

बलबीर सिंग यांचे २५ मे २०२० रोजी मोहालीत निधन झाले. दिलेल्या ३६ पदकांपैकी, छायाचित्रांपैकी काहीच त्यांच्या हयातीत परत मिळाले नाही, आणि मेलबर्नचा ब्लेझरही त्यांना पुन्हा पाहता आला नाही. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके तेवढी त्यांनी १९८५ साली दिली नव्हती. ती घरातच ठेवली होती, म्हणून वाचली.