पार्श्वभूमी: बी-१ करारातले कलम ३० आणि ‘अंतिम’ या शब्दाचा तिढा

सार्वजनिक बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याच्या कामात कंत्राटदाराचा दावा अडला की सगळ्यात आधी बी-१ करारातले, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या बांधकाम कंत्राटांच्या ठरीव नमुन्यातले, कलम ३० काढले जाते. बांधकामाचे नकाशे, मालाचा आणि कामाचा दर्जा, किंवा करारातून उभा राहिलेला कुठलाही प्रश्न आणि दावा यांवर मंडळाच्या (खात्याच्या त्या भागातल्या कार्यालयाच्या) अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम, निर्णायक आणि उभयपक्षी बंधनकारक राहील, असा त्याचा आशय आहे. पंचवीस-तीस वर्षे न्यायालयांत घोळत राहिलेला प्रश्न या एका वाक्यातून निघाला: हा लवादाचा करार आहे की नाही?

आपल्याकडे ‘लवाद’ हा शब्दच सैल आहे. तंटा सोडवणारी व्यक्ती लवाद, ती प्रक्रियाही लवाद, आणि पर्यावरणाचे खटले चालवणारे न्यायाधिकरणसुद्धा हरित लवाद. त्यामुळे अधीक्षक अभियंत्याने दाव्यावर सही केली की ‘लवादाचा निकाल झाला’ असे बोलले जाई. कायद्याला एवढे पुरत नाही. दोन पक्षांत तंटा असावा, तो तिसऱ्याकडे सोपवण्याचे ठरलेले असावे, दोघांची बाजू आणि पुरावा पाहून त्याने निवाडा द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा असते. कलम ३० मध्ये तंटा सोपवण्याची भाषा नाही आणि सुनावणीचीही नाही.

इतर राज्यांच्या करारांतही अशीच कलमे होती, त्यामुळे निकालही सगळीकडून येत राहिले. एकट्या १९८० सालात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल विरुद्ध दिशांना गेले. उत्तर प्रदेशातल्या करारात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असला तरी तो लवाद नव्हे, असे पहिल्या निकालाने म्हटले. दुसरा निकाल मध्य प्रदेशातल्या खाणपट्ट्याचा. तिथे ‘लवाद’ हा शब्द कुठेच नव्हता, पण शंका, मतभेद किंवा तंटा उद्भवल्यास त्याचा निर्णय पट्टा देणाऱ्याने करावा, असे लिहिले होते. तेवढ्यावर तो लवादाचा करार ठरला. पुढे ओडिशाचे कलम लवाद नसल्याचा निकाल आला. २००३ मध्ये मात्र कर्नाटकातल्या एका विद्यापीठाच्या बांधकामात अधीक्षक अभियंत्यालाच लवाद मानले गेले. या काळात दावा लावणाऱ्या कंत्राटदाराला आपण योग्य दारात उभे आहोत का, हेच कळायला मार्ग नव्हता. लवादाकडे जावे तर तो लवादच नव्हता असे वरच्या न्यायालयात ठरायचे आणि मधली वर्षे पाण्यात जायची.

महाराष्ट्राच्या कलम ३० पुरता प्रश्न ऑक्टोबर २०१३ मध्ये सुटला. सर्वोच्च न्यायालयाने हे लवादाचे कलम नाही असे स्वच्छ सांगितले. अधीक्षक अभियंत्याला हा अधिकार कामावरच्या देखरेखीसाठी आणि प्रशासकीय नियंत्रणासाठी दिलेला आहे, काम चालू असताना तंटेच उद्भवू नयेत हा त्यामागचा हेतू आहे, आणि ज्या अधिकाऱ्याचा कामाशी इतका निकटचा संबंध आहे तो तटस्थ निवाडा देणारा मानता येत नाही, असा तो युक्तिवाद. मला तो पटतो. ज्या मंडळाच्या देखरेखीखाली मोजमाप झाले, मुदतवाढ अडली, दंड लागला, त्याच मंडळाचा प्रमुख त्या दंडाचा न्याय कसा करणार?

पण या निकालाने शब्दाचा गुंता सोडवला, माणसाचा नाही. कलम ३० लवाद नाही म्हटल्यावर दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा झाला खरा, मात्र त्याआधी खात्यातल्या पायऱ्या चढायची सवय तशीच राहिली. १९८६ च्या परिपत्रकाने या पायऱ्या कलमात आणल्या. मंजूर निविदा दहा लाखांच्या वरची आणि दावा किमान एक लाखाचा असेल तर तीस दिवसांत मुख्य अभियंत्याकडे अपील. तिथे समाधान झाले नाही तर आणखी तीस दिवसांत सचिवांकडे. सचिवांना दाव्यात तथ्य वाटले तर प्रकरण शासन स्तरावरच्या स्थायी समितीपुढे. अपील कधी करायचे याला दिवसांची मर्यादा आहे, ते कधी निकाली काढायचे याला नाही. दरम्यान मुदत कायद्याने दावा लावायला दिलेली तीन वर्षे पुढे सरकत राहतात. नुसत्या पत्रव्यवहाराने ती थांबत नाहीत, खात्याने मुदतीच्या आत देणे लेखी कबूल केले तर नवी मुदत मिळते. स्थायी समितीच्या बैठकीची वाट पाहत बसलेल्या कंत्राटदाराला हे सहसा उशिरा कळते.

त्याच काळात शेजारच्या राज्यांनी वेगळी वाट धरली होती. मध्य प्रदेशाने १९८३ मध्ये आणि गुजरातने १९९२ मध्ये कायदा करून बांधकाम कंत्राटांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमले. ही न्यायाधिकरणेही संथ चालतात अशी ओरड आहे, पण कुठे जायचे हा प्रश्न तरी तिथे उरत नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात पक्षकाराच्या कर्मचाऱ्याला लवाद होण्यास अपात्र ठरवले. त्यामुळे कलम ३० लवाद मानले असते तरी अधीक्षक अभियंता त्या खुर्चीवर बसू शकला नसता. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी उपक्रमांनी एकतर्फी लवाद नेमण्याची पद्धतही समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. या सुधारणांचा फायदा होतो तो ज्यांच्या करारात लवाद आहे त्यांना, म्हणजे मुख्यतः मोठे रस्ते, पूल, मेट्रो बांधणाऱ्या कंपन्यांना. तालुक्याच्या ठिकाणचा बी-१ वाला कंत्राटदार आजही शासनाला दोन महिन्यांची नोटीस देतो, वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेत येणारा दावा असेल तर आधी मध्यस्थीला जातो, आणि मग न्यायालय शुल्क भरतो. राज्यात या शुल्काची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली.

२०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी वेगवेगळ्या खात्यांकडची थकबाकी ८९ हजार कोटींच्या घरात असल्याचे सांगून काम बंद करण्याचा इशारा दिला. हा आकडा त्यांचा आहे. त्यातली बहुतेक बिले, त्यांच्या म्हणण्यानुसार, वादाची नाहीतच: काम झाले, एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद झाली, बिल मंजूर झाले, फक्त निधी आला नाही. कलम ३० अर्थ, दर्जा, दर, दावा अशा सगळ्या प्रश्नांबद्दल बोलते. मंजूर बिलाचे पैसे कधी द्यायचे, याबद्दल त्यात एक ओळ नाही.