पार्श्वभूमी : घराजवळचा बाल्ड ईगल आणि घरट्यापासूनचे अंतर

न्यू जर्सीच्या मध्य भागात, रॅरिटन नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ज्या उपनगरांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात, तिथे हिवाळ्यात एखाद्या जलाशयाच्या काठी, पाने झडलेल्या झाडावर बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकी गरुड, बसलेला दिसणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. राज्याच्या सर्व २१ काउंट्यांमध्ये त्याची घरटी आहेत आणि जोड्यांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली आहे. १९७० मध्ये याच राज्यात एकच घरटे उरले होते. डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली आणि गरुड परतले, असे या बदलाचे स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पक्षी का वाढले हे त्यातून समजते. रस्ते, शाळा आणि घरांच्या परसांना लागून ते कशामुळे टिकून राहिले, हे समजत नाही. त्यासाठी १९४० च्या एका कायद्यातील एका तरतुदीकडे आणि तिच्या अर्थावरून २००७ पर्यंत चाललेल्या वादाकडे पाहावे लागते.

१७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर असलेल्या या पक्ष्याला त्या मानाने संरक्षण फार उशिरा मिळाले. अलास्कात तर सॅमन मासे आणि फरसाठी पाळलेले कोल्हे पळवतो, या आरोपावरून १९१७ पासून त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एक लाखाहून अधिक गरुडांपोटी ते दिले गेले. १९४० मध्ये संघीय कायदा झाला, तेव्हा अलास्काला त्यातून वगळण्यात आले होते. त्या कायद्याने गरुडाला मारणे, पकडणे, विकणे आणि जवळ बाळगणे यांच्या जोडीला त्याला ‘डिस्टर्ब’ करणे हाही गुन्हा ठरवला. मात्र डिस्टर्ब करणे म्हणजे नेमके काय, हे त्यात कुठेही सांगितलेले नव्हते आणि पुढची साठ वर्षे कोणाला त्याची फारशी गरजही भासली नाही.

त्यानंतरचा डीडीटीचा काळ परिचित आहे. माशांमधून शरीरात साठत गेलेल्या या कीटकनाशकाच्या अवशेषांमुळे अंड्यांची कवचे पातळ होत आणि ती उबवणाऱ्या पक्ष्याच्याच वजनाने फुटत. १९६३ मध्ये अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत मिळून ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. डीडीटीच्या वापरावर १९७२ मध्ये बंदी आली आणि १९७८ मध्ये हा पक्षी ४३ राज्यांत संकटग्रस्त, तर उत्तरेकडील पाच राज्यांत त्याखालोखाल धोक्यात असलेला म्हणून संघीय यादीत नोंदवला गेला.

न्यू जर्सीत केवळ बंदीने काही साधणार नव्हते. डेलावेअर उपसागराच्या बाजूला, कंबरलँड काउंटीतील एका दलदलीच्या जंगलात उरलेल्या त्या एकमेव घरट्यातून वर्षानुवर्षे पिल्लू बाहेर पडत नव्हते. १९८२ पासून तेथील जीवशास्त्रज्ञांनी घरट्यातील अंडे काढून ते कृत्रिम उष्णतेत उबवण्याचा आणि पिल्लू सुरक्षितपणे बाहेर आल्यावर त्याला पुन्हा त्याच जोडीच्या स्वाधीन करण्याचा मार्ग धरला. १९८३ ते १९९० या काळात कॅनडातून ६० पिल्ले आणण्यात आली. उंच मनोऱ्यावरच्या पिंजऱ्यात त्यांना ठेवायचे, माणूस दृष्टीस पडणार नाही अशा बेताने मासे द्यायचे आणि उडण्याचे वय झाले की दार उघडायचे, अशी ती पद्धत होती. गरुडाला प्रजननक्षम होण्यास साधारण पाच वर्षे लागतात आणि जिथून पहिली झेप घेतली त्या परिसरात परतण्याची त्याची प्रवृत्ती असते. म्हणून या कष्टांचे फळ दिसण्यास १९८० च्या दशकाचा शेवट उजाडला. आज उपनगरात दिसणाऱ्या गरुडांपैकी अनेकांची वंशावळ त्या मनोऱ्यांपर्यंत पोहोचत असणार, आणि डीडीटीच्या कथेत या कामाचा उल्लेख इतका ओझरता व्हावा, हे न्याय्य नाही.

१९९५ मध्ये ४८ राज्यांत सर्वत्र पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आला आणि १९९९ मध्ये त्याला यादीतून पूर्णपणे वगळण्याचा प्रस्ताव मांडला गेला. प्रत्यक्ष निर्णयाला मात्र आणखी आठ वर्षे लागली. या विलंबाला अनेकदा सरकारी दिरंगाई म्हटले जाते; खरी अडचण अधिक मूलभूत होती. संकटग्रस्त प्रजातींच्या १९७३ च्या कायद्याखाली पक्ष्याचा अधिवास मोडून त्याला इजा पोहोचवणे हाही तेव्हा अपराध मानला जात होता. यादीतून नाव गेले की ते संरक्षण संपणार आणि उरणार तो १९४० चा कायदा. अधिवासाचे रक्षण तो थेट करत नाही. झाडावर घरटे असताना शेजारी बुलडोझर चालवता येईल का, या प्रश्नाला त्यात ‘डिस्टर्ब’ या तरतुदीखेरीज आधार नव्हता, आणि तिची व्याख्याच नव्हती.

दरम्यान मिनेसोटातील एका जमीनमालकाने २००५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. तळ्याकाठच्या त्याच्या जमिनीवर घरटे होते आणि त्याभोवती ३३० फुटांपर्यंत बांधकामास मनाई असल्याने भूखंड पाडण्याची त्याची योजना अडली होती. ज्या पक्ष्याला आता धोका नाही असे सरकारच १९९९ पासून सांगत आहे, त्याच्यासाठी आपली जमीन का अडकवून ठेवता, हा त्याचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. २००६ मध्ये न्यायालयाने सरकारला ठरावीक मुदतीत निर्णय घेण्याचा आदेश दिला आणि त्यामुळे व्याख्येचे काम अधिक टाळता येईना.

या आदेशाआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या व्याख्येच्या मसुद्यात म्हटले होते की, गरुडाच्या प्रजननात, खाण्यात किंवा निवाऱ्यात व्यत्यय येऊन त्याला इजा झाली, तो मेला किंवा त्याने घरटे सोडले, तरच ते कृत्य डिस्टर्ब करण्यात मोडेल. यातील मेख निसर्गरक्षकांच्या ध्यानात आली. ही व्याख्या स्वीकारली असती तर अपराध सिद्ध करण्यासाठी मेलेला पक्षी किंवा ओस पडलेले घरटे दाखवावे लागले असते. म्हणजे नुकसान झाल्यानंतरच कायदा जागा झाला असता. उलट, व्याख्या सैल ठेवली तर झाडाखालून जाणारा प्रत्येक जण आरोपी ठरेल, अशी भीती बांधकाम व्यावसायिक व्यक्त करत होते. हरकती मागवण्याची मुदत पुन्हा खुली करावी लागली. जून २००७ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम व्याख्येत, गरुडाला इतके अस्वस्थ करणे की त्यामुळे त्याला इजा होईल, त्याची पिल्ले कमी होतील किंवा तो घरटे सोडून देईल, किंवा उपलब्ध शास्त्रीय माहितीनुसार तसे होण्याची शक्यता असेल, असा अर्थ निश्चित झाला. ‘शक्यता’ आत आली आणि मृत पक्ष्याची अट गळून पडली. शिवाय पक्षी नसताना घरट्याभोवती केलेले बदलही, परतल्यावर त्याला बाधक ठरणार असतील तर, या कक्षेत आले. मला वाटते, १९७२ च्या बंदीनंतर या पक्ष्याच्या हिताचा याहून महत्त्वाचा निर्णय झालेला नाही. पाठोपाठ २८ जून २००७ रोजी त्याला यादीतून वगळल्याची घोषणा झाली. त्या वेळी ४८ राज्यांतील जोड्या सुमारे ९,८०० होत्या.

याच सुमारास निघालेल्या मार्गदर्शक सूचना आज गरुड पाहायला जाणाऱ्याला सर्वांत उपयोगी आहेत. घरट्यावरून दिसतील अशा बांधकामांसाठी साधारणपणे ६६० फूट, तर पायी फिरणे, मासेमारी यांसारख्या गोष्टींसाठी विणीच्या काळात ३३० फूट अंतर त्यांत सुचवले आहे. त्या बंधनकारक नाहीत, ही त्यांची उणीव आहे. व्याख्या मात्र बंधनकारक आहे, आणि सूचनांकडे दुर्लक्ष करून पक्ष्याला बाधा पोहोचवणाऱ्याला तिच्यापासून पळवाट नाही. न्यू जर्सीत जोड्या डिसेंबरपासून घरटे डागडुजीला घेतात आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत अंडी घालतात. झाडे उघडी असल्याने घरटे सर्वांत स्पष्ट दिसते ते याच दिवसांत, आणि पक्षी सर्वाधिक बुजरा असतो तोही याच दिवसांत. अंड्यावरून उठवलेला पक्षी कडाक्याच्या थंडीत दूर राहिला, तर आतला जीव दगावू शकतो. पुढे आठ आठवड्यांची झालेली पिल्ले दचकली तर उडण्याची ताकद येण्याआधीच घरट्याबाहेर झेप घेतात. म्हणून दुर्बीण किंवा स्पॉटिंग स्कोप घेऊन ठरलेल्या अंतराबाहेर थांबणे, ड्रोन न वापरणे आणि घरट्याचे नेमके ठिकाण फोटोसोबत जाहीर न करणे या गोष्टींना केवळ शिष्टाचार म्हणून सोडून देता येणार नाही.

विणीचा हंगाम नको असेल तर नोव्हेंबर उत्तम. मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदीवरील कोनोविंगो धरणाच्या पायथ्याशी त्या महिन्यात गरुड मोठ्या संख्येने जमतात, कारण टर्बाइनमधून बाहेर पडणारे भेलकांडलेले मासे त्यांना आयते मिळतात.

२००७ नंतरची वाढ जाणकारांनाही अनपेक्षित होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ४८ राज्यांत ३,१६,७०० पक्षी आणि ७१,००० हून अधिक वापरातली घरटी असल्याचा अंदाज दिला आहे. त्याबरोबर नव्या चिंताही आल्या. शिकाऱ्यांनी टाकलेल्या हरणांच्या आतड्यांतून शिशाच्या गोळ्यांचे कण गरुडांच्या पोटात जातात. ३८ राज्यांतील बाल्ड ईगल आणि सोनेरी गरुडांच्या २०२२ मधील अभ्यासात जवळपास निम्म्या पक्ष्यांत दीर्घकालीन शिसेबाधा आढळली. २०२४ पासून घरट्याजवळच्या ठरावीक कामांसाठी प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र छाननी न करता सर्वसाधारण परवाने देण्याची सोय झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये न्यू जर्सीनेही हा पक्षी आपल्या संकटग्रस्त यादीतून काढला. राज्याच्या यादीचा आधार गेल्यामुळे रॅरिटनकाठच्या घरट्याशेजारी नवे घर किंवा पायवाट बांधायची झाल्यास, १९४० चा कायदा आणि २००७ ची व्याख्या यांच्यावरच आता पूर्वीपेक्षा अधिक भार येणार आहे.