घाटातला रस्ता, पठारावरचा चकवा आणि एकच जीपीएस

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालं की तोलार खिंडीपर्यंत वाट चुकायची भीती नाही. खिंडीवरचा कातळटप्पा चढून पठारावर आलं की मात्र एकसारख्या टेकड्या आणि त्यांच्यामधून फुटलेल्या ढोरवाटा सुरू होतात. पावसाळ्यात धुकं उतरलं की इथे हमखास चकवा लागतो. आम्हालाही लागला. तासभर चालून आम्ही पुन्हा त्याच दगडांच्या ढिगापाशी आलो. माझ्या हातात गाडीतून काढून आणलेलं जीपीएस होतं. पडद्यावर बाण होता, पण त्याच्याभोवती नुसता कोरा पिवळट रंग. शेवटचा रस्ता पायथ्याच्या गावातच संपलेला. यंत्र पुन्हा पुन्हा सांगत होतं, ‘शक्य असेल तिथे मागे वळा.’ थोड्या वेळाने बॅटरी संपली आणि तेही गप्प झालं. तेव्हापासून प्रश्न पडला: गाडी आणि डोंगर, दोन्हींसाठी एकच जीपीएस घ्यायचं तर गाडीचं की हातात धरायचं डोंगराचं?

खरं तर यंत्राने आमची जागा बरोबर ओळखली होती. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेची खूण असलेले रेडिओसंदेश पाठवत असतात. संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले यावरून अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ अशी चार उत्तरं निघतात. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, इतकं हे नाजूक गणित आहे. धुक्यामुळे त्यात काही बिघडत नाही, या लहरी धुक्यातून सहज पार होतात.

गाडीतलं असो वा डोंगरातलं, गणित दोन्ही यंत्रांत तेच असतं, फरक पडतो तो उत्तराचं पुढे काय करायचं यात. गाडीतलं यंत्र धरून चालतं की तुम्ही रस्त्यावरच आहात. मोजलेली जागा रस्त्यापासून दहा मीटर बाजूला आली तरी ते बाण ओढून रस्त्यावर बसवतं. माळशेज घाटात हे सोयीचंच आहे. डोंगरात मात्र ती दहा मीटर फार महत्त्वाची असतात, कारण पायवाट आणि कडा यांच्यात कधी कधी तेवढंच अंतर असतं.

शिवाय कड्याजवळ चूक वाढते. उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून, वळसा घेऊन येतो आणि यंत्राला वाटतं उपग्रह जरा लांब आहे. भारतावरचं आयनांबर, म्हणजे वातावरणातला विद्युतभारित कणांचा वरचा थरही बराच चंचल आहे, तेही संदेशाला उशीर लावतं. म्हणून मी डोंगरासाठी दोन वारंवारता पकडणाराच रिसीव्हर घ्या असं सांगेन. आयनांबरातला उशीर वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करून तो वजा करता येतो. त्यातली दुसरी वारंवारता, एल-५, कातळावरून आलेले फसवे संदेशही जास्त चांगले ओळखते. नाविक या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रहही एल-५ वर संदेश पाठवतात.

उंचीचं गणित आडव्या अंतरापेक्षा कच्चं असतं, म्हणून चांगल्या हातातल्या यंत्रांत वायुदाबमापक देतात. साधारण नऊ मीटर चढलं की दाब एका मिलिबारने उतरतो. पण हवामान बदललं तरी दाब बदलतो, त्यामुळे रात्रभर तंबूत झोपूनही सकाळी उंची वीस-तीस मीटरने वेगळी दिसू शकते. उंची पक्की माहीत असलेल्या जागी ती जुळवून घ्यायची. होकायंत्रही हवंच. उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे उपग्रहांना कळत नाही, त्यासाठी चालत राहावं लागतं. गाडीला ही अडचण जाणवत नाही.

मग एकच घ्यायचं तर कोणतं? डोंगराचं. गाडीत फोन आहे, चार्जर आहे, वाटेत टपरीवर विचारायला माणूस आहे. पठारावर यातलं काही नसतं. फोनचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला म्हणजे झालं. पण भिजलेल्या काचेवर बोट नीट उमटत नाही आणि पावसात सगळ्यात आधी फोनच बंद पडतो. त्यापेक्षा बटणांचं, दोन पेन्सिल सेलवर १६ ते २५ तास चालणारं, पाण्यात पडलं तरी टिकणारं यंत्र बरं. त्यात एकेक वळण दाखवत मार्ग काढून देणारे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचे नकाशे भरता येतात, म्हणजे गाडीतही निभावतं. मात्र पडदा जेमतेम अडीच-तीन इंचांचा असतो आणि बहुतेक यंत्रं बोलत नाहीत, वळणाआधी नुसतं बीप करतात. एकट्याने गाडी चालवत असाल तर हा त्रास खरा आहे, तेव्हा फोनच लावा.

एक सांभाळा: उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं परदेशातून मागवू नका. भारतात ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि त्यासाठी लोकांना अटकही झाली आहे.

त्या दिवशी आम्हाला एका गुराख्याने वाटेला लावलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा खिरेश्वरला गाडीपाशीच खूण नोंदवली आणि ट्रॅक सुरू केला. परतताना त्याच पठारावर तसंच धुकं होतं. पडद्यावर सकाळची आमचीच वाट ठिपक्यांच्या रेघेने उमटली होती. त्या दगडांच्या ढिगापाशी रेघ डावीकडे वळत होती. मागच्या वर्षी आम्ही तिथून उजवीकडे गेलो होतो.