गुलशनाबादचा रुपया

नाशिकच्या दोन हजार वर्षांवर, इथल्या सगळ्या जातीधर्मांना घेऊन कादंबरी लिहायची म्हटली की पात्रांआधी गावाचं नावच अडतं. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहावर 'नासिककानं' कोरलेलं आहे, म्हणजे नाव सातवाहनांइतकं जुनं. त्याच डोंगरात एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, लेणं खोदवलं. क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाने भिक्षूंच्या चिवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, २००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. प्राचीन काळ एवढ्यावर सोडून देऊ.

मोगलाईत गुलशनाबाद, पेशवाईत पुन्हा नाशिक. व्याख्यानांतून हे एका दमात उरकतात: लादलेलं गेलं, खरं परत आलं. पण मराठी अमलात इथल्या टांकसाळीत पाडलेला रुपया हातात घेऊन बघा. अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या बादशहा शाह आलमचं, आणि टांकसाळ? गुलशनाबाद! उघड आहे, सराफ ओळखीचा शिक्का घेतो, अनोळखी नाण्यावर बट्टा कापतो. म्हणजे गंगेवरच्या (इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात) उपाध्यायाच्या हातात पडणारी दक्षिणाही गुलशनाबादीच. तेव्हा निवेदकाने नाशिकच म्हणावं, पण बाजारातल्या पात्रांच्या तोंडचं गुलशनाबाद कोणाच्या दडपणाखाली खोडू नये.

तांबट आळी, बोहोरपट्टी, बडी दर्गा नाशिककरांना सांगायला नकोत. शरणपूर मात्र सांगावं लागतं. आज तो रहदारीचा रस्ता. १८५० च्या दशकात मिशनने वसवलेलं ख्रिस्ती गाव. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यांतला एक तरुण पुढे आफ्रिकेत फिरलेला संशोधक लिव्हिंग्स्टन याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला. १८७५ पासून इथली बरीच मंडळी मोंबासाजवळच्या वसाहतीत गेली. एवढं आयतं पात्र आपल्या लेखकांच्या नजरेतून सुटावं, हे नवलच.

'गुण्यागोविंदाने नांदलेलं गाव' असं मलपृष्ठावर छापायचा मोह होईल. तेव्हा १९३० ची रामनवमी आठवावी. काळारामाच्या दारात २ मार्चपासून अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू होता. रथ स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून ओढायचा, असं ठरलं होतं. रथ परस्पर पळवला गेला, दगड पडले, आणि सत्याग्रह पुढे जवळपास पाच वर्षं चालला.