हडसन: छावणीतल्या चिखलापासून डेटोनाच्या वाळूपर्यंत

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी. थंडीने पीक गेलेलं, हाताला काम नाही. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी तिथे टिपलेली आई जगाच्या ओळखीची आहे: गालाशी टेकवलेला हात, दोन्ही खांद्यांना बिलगलेली मुलं. चौकटीत गाडी कुठेच नाही, पण ते कुटुंब तिथे थांबलं होतं गाडीमुळेच. त्यांच्या हडसन कंपनीच्या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातली साखळी, तुटली होती. पोटासाठी गाडीचे टायर विकले, असं लँग यांच्या नोंदीत आहे. कुटुंबाने पुढे ते साफ नाकारलं. विकायला जादा टायर होतेच कुठे, जे गाडीला होते त्यांवरूनच आम्ही तिथून निघालो, असं त्यांचं म्हणणं होतं.

जुन्या अमेरिकन गाड्यांचे फोटो बघायला बसलो की मला ही न दिसणारी हडसन आधी आठवते. कारण जेमतेम पंधरा वर्षांनी याच नावाच्या गाड्या शर्यतीच्या फोटोंत सगळ्यांच्या पुढे धावताना दिसतात.

मुळात एवढे फोटो निघाले कसे? कोडॅकने १९०० साली ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. फोर्डची मॉडेल टी १९०८ची. १९२७पर्यंत दीड कोटींहून जास्त तयार झाल्या. गाडी आणि कॅमेरा साधारण एकाच काळात सामान्य घरात आले, आणि नव्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवून फोटो काढून घेणं ही घराघरातली रीत झाली.

पण माझ्या मते खरा खजिना सरकारी आहे. मंदीच्या काळात शेतकऱ्यांची हलाखी देशाला दिसावी म्हणून रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली १९३५पासून छायाचित्रकार गावोगाव पाठवले गेले. लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, आर्थर रॉथस्टीन हे त्यांतले. या कामातल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. नापसंत निगेटिव्हला स्ट्रायकर भोक पाडायचे. आकाशात काळा गोळा लटकलेले ते फोटो बघताना आजही जीव हळहळतो. यांपैकी कुणीही गाडीचा फोटो काढायला निघालेलं नव्हतं. टपावर गाद्या बांधलेली, मडगार्डवर पाण्याचा डबा अडकवलेली गाडी माणसांच्या सोबतीने चौकटीत आली. म्हणूनच ती खरी वाटते. जाहिरातीतल्या चकचकीत गाडीवरून ती कशी वापरली जात होती हे कळत नाही, इथे कळतं. आणि तारखेचा पुरावाही गाडीच देते: अनेक राज्यांत दरवर्षी नवी नंबरप्लेट मिळायची आणि तिच्यावर सालाचे आकडे असायचे.

फेब्रुवारी १९४२मध्ये युद्धामुळे खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं. युद्ध संपल्यावर नव्या गाडीसाठी लोक ताटकळत होते. डिसेंबर १९४७मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या एका हॉटेलात नासकार या मोटार शर्यतींच्या संघटनेची बोलणी झाली, तेव्हा शोरूममधून निघालेल्या तशाच गाड्यांची शर्यत हवी, असा बेत होता. पण गाड्याच मिळेनात. म्हणून १९४८च्या शर्यती युद्धाआधीच्या, फेरफार केलेल्या गाड्यांवर भागवल्या गेल्या.

ती ‘जशीच्या तशी’ गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ला शार्लटमध्ये झाली. ग्लेन डनवेची फोर्ड पहिली आली, पण मागच्या स्प्रिंगा ताणून बसवलेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहणारे गाडी वजनाने खाली बसू नये म्हणून करत, तीच ही युक्ती. डनवे बाद झाला आणि लिंकनवाला जिम रोपर विजेता ठरला. त्याच शर्यतीत ली पेटी या चालकाने उसनी मागून आणलेली ब्यूइक उलटली. तो आला होता तिच्यातच बसून. परतायला गाडी उरली नाही. घरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांत तेव्हा अंतर होतं ते एवढंच.

मग हडसनची हॉर्नेट ही गाडी आली. तिच्या सांगाड्याच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला आणि तळ त्यांच्या खाली, त्यामुळे आत बसताना पाय खाली टाकावा लागे. वजन जमिनीलगत राहिल्याने वळणावर ती डगमगत नसे. इंजिन साधं, एका रांगेत सहा सिलिंडरचं, पण पाच लिटरचं. दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या व्ही-८ गाड्यांना ते पुरून उरलं. १९५२च्या ३४ शर्यतींपैकी २७ हॉर्नेटने जिंकल्या. या काळातले डेटोनाचे फोटो मला विशेष आवडतात: मार्गाची एक बाजू समुद्रकाठच्या वाळूवर, दुसरी डांबरी रस्त्यावर, वेळ ओहोटी बघून ठरवलेली, आणि गाड्यांच्या मागे फुटणाऱ्या लाटा.

शर्यती जिंकल्या तरी धंदा सावरला नाही. १९५४मध्ये हडसन नॅश कंपनीत विलीन झाली आणि १९५७मध्ये नावही गेलं.

डेटोनाची शर्यत १९५९मध्ये वाळूवरून नव्या बांधीव ट्रॅकवर गेली. २२ फेब्रुवारीच्या पहिल्या डेटोना ५००मध्ये शेवटच्या रेषेवर तीन गाड्या एकाच ओळीत होत्या. त्यांतली एक फेऱ्यांनी मागे पडलेली. जॉनी बोचॅम्पला विजेता घोषित केलं गेलं. वाद झाला, तेव्हा आयोजकांनी मिळतील ते फोटो आणि बातमीपटाची फिल्म मागवून घेतली आणि बुधवारी निकाल फिरवला. जिंकली होती ती ओल्ड्समोबील, आणि ती चालवत होता ब्यूइक उलटवणारा तोच ली पेटी.