मागणीचा आकडा: ऊर्जा नियोजनाची पुण्यातून दिसणारी पार्श्वभूमी

भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. नव्याने आलेला माणूस विचारतो, गुरुवारी दत्ताचा वार म्हणून का? कारण साधं आहे, आणि ते विजेचं आहे. सगळे कारखाने रविवारी बंद राहिले तर उरलेले सहा दिवस विजेची ओढाताण होते आणि रविवारी मागणी एकदम खाली येते. म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले. याला 'स्टॅगरिंग' म्हणतात. एकही नवं वीजकेंद्र न बांधता, फक्त मागणी इकडची तिकडे सरकवून केलेलं हे नियोजन आहे. पुणेकर ते इतकी वर्षं पाळतात की त्याला नियोजन म्हणतात हेच विसरले.

देशाच्या ऊर्जा नियोजनात दोन प्रश्न असतात: पुढच्या दहा-वीस वर्षांत किती ऊर्जा लागेल, आणि ती आणायची कुठून. दुसऱ्यावर आपण पिढ्यान् पिढ्या भांडलो. धरण की कोळसा, अणू की वारा, सरकारी की खासगी. पहिला प्रश्न बराच काळ तज्ज्ञांच्या फायलीत राहिला. पुण्यात गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर जे संशोधन उभं राहिलं, त्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्याने ती फाइल उघडली.

गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधी, मावळात सुरू होते. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली चालू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. घाटमाथ्यावरचं जे पाणी एरवी पूर्वेला भीमेकडे जायचं, ते अडवून पश्चिमेला कोकणात सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, ही युक्ती. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे नाव तिथूनच रूढ झालं. बाजू जमिनीच्या होत्या, हक्काच्या होत्या, मोबदल्याच्या होत्या. मुंबईला नेमकी किती वीज लागते आणि तो हिशोब कुणी केला, हे मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्याने विचारावं असं कुठलंही ठिकाण तेव्हा नव्हतं.

देशपातळीवरचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. १९४२ ते १९४६ या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज याच खात्याकडे होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं ते याच कारकिर्दीत. आज वीजधोरणावर लिहिणारेही हा दुवा क्वचितच सांगतात, ही खंत आहे. पुढे १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा रस्ता मोकळा केला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आलं आणि दोन वर्षांत कोयनेची वीज वाहू लागली.

मग समित्या. १९६५ साली ऊर्जा सर्वेक्षण समितीचा अहवाल आला, १९७४ मध्ये इंधन धोरण समितीचा, १९७९ मध्ये ऊर्जा धोरणावरच्या कार्यगटाचा. या अहवालांनी एक चांगलं काम केलं: सरपण, शेणी, पिकांचा पालापाचोळा यांचीही मोजदाद केली. पण अंदाजाची रीत ढोबळ होती. राष्ट्रीय उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढेल, मग वीज त्याच्या इतक्या पट वाढेल; मागची रेघ पुढे ओढायची. रेघ उंच गेली की नवी केंद्रं मंजूर, आणि पैसा कमी पडला की तुटवडा जाहीर.

पुण्यात याच काळात हिशोबाची वेगळी सवय रुजली होती. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गावोगाव फिरून प्रत्यक्ष पाहणी करण्याची शिस्त घातली होती. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या सिंचनाचा त्यांचा अभ्यास अशाच पाहणीवर उभा आहे. गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तिथून आजच्या ऊर्जा संशोधनापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो; तो आवरलेला बरा. पण 'आधी माणसाला काय लागतं ते पाहा, मग बेरीज करा' हा विचार या शहराला परका नव्हता, एवढं म्हणता येईल.

ऊर्जेच्या क्षेत्रात तो विचार ठामपणे मांडला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी यांनी. मुळात ते विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की माणसाला युनिट नको असतात. त्याला उजेड हवा, शिजलेलं अन्न हवं, विहिरीतून वर आलेलं पाणी हवं. तेव्हा मोजायचं ते या सेवांना, आणि मग पाहायचं की प्रत्येक सेवा सर्वांत कमी खर्चात कशी देता येईल: नवं केंद्र बांधून, की चांगला दिवा आणि चांगला पंप देऊन. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कर्नाटकच्या सरकारी समितीने सन २००० साठी विजेची जी गरज काढली होती, तिच्या निम्म्याहूनही कमी विजेत काम भागेल असं रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आणि त्या आकड्यात सगळ्या घरांना वीज धरलेली होती.

हे सूत्र महाराष्ट्रात आणलं गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी. १९९४ मध्ये पुण्यात 'प्रयास' ही संस्था सुरू झाली. तिच्यात आरोग्याचं काम करणारे डॉक्टर होते आणि ऊर्जेवर काम करणारे तरुण इंजिनिअरही. महाराष्ट्रासाठी सर्वांत कमी खर्चाची वीज योजना कशी असेल, शेतीपंपांची कार्यक्षमता किती वाया जाते, सवलतीच्या विजेचा फायदा नेमक्या कोणत्या शेतकऱ्याला होतो, अशी त्यांची सुरुवातीची कामं. विषय रुक्ष. वाचणारे थोडे.

मग एन्रॉन आलं आणि रुक्ष विषय चौकाचौकात पोचला.

एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी. कोकणातल्या दाभोळच्या तिच्या वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. दोन टप्पे मिळून क्षमता दोन हजार मेगावॉटच्या पुढे. मधल्या काळात, १९९३ मध्येच, जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता. त्यावर सभा झाल्या, 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा झाली. प्रयासच्या मंडळींनी घोषणा दिली नाही. करार घेऊन गणित मांडलं. विजेची खरी चणचण होती संध्याकाळच्या काही तासांची, आणि करार होता जवळजवळ अहोरात्र वीज घेण्याचा. घेतली नाही तरी स्थिर आकार, म्हणजे केंद्र उभारल्याचा ठरलेला खर्च, भरायचा. दर डॉलरशी बांधलेला. म्हणजे ही महाग वीज घेण्यासाठी मंडळाला स्वतःची स्वस्त केंद्रं मागे ठेवावी लागणार. सुबोध वागळे यांच्यासह त्यांनी हे विश्लेषण १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, आणि पुढच्या वर्षी त्याच सरकारने वाटाघाटी करून तो परत आणला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, मे २००१ मध्ये बंद. मधल्या काळात काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला होता. त्या वेळी घरगुती ग्राहक किती भरत होता हे ज्यांना आठवतं, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

एन्रॉनवर बरंच लिहून झालं आहे, त्यातलं बहुतेक भ्रष्टाचाराच्या अंगाने. मला त्यातला दुसरा धागा मोठा वाटतो: मागणीचा अंदाज चुकला की सगळ्यात प्रामाणिक सहीसुद्धा महागात पडते.

याच सुमारास हिशोब विचारायला जागा तयार झाली. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. दरवाढ हवी तर मंडळाने कागद उघडायचे आणि जनसुनावणीत उत्तरं द्यायची. मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास अशा संस्था ग्राहकांच्या वतीने उभ्या राहिल्या. पहिल्या काही सुनावण्यांतच एक जुनं झाकण उघडलं. मंडळ वर्षानुवर्षं वीजगळती अठरा टक्क्यांच्या आत दाखवत होतं; उरलेली वीज मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर टाकली जात होती. छाननीत गळती तिशीच्या पुढे गेली. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर जी वीज लिहिली, त्यातली बरीच त्याने वापरलीच नव्हती. आणि ज्या आकड्यांवरून उद्याची मागणी काढायची, तो कालचा आकडाच खोटा होता.

पुणेकरांच्या आठवणीत मात्र हे सगळं नाही. त्यांना आठवतं २००५-०६ चं भारनियमन. आमच्या सोसायटीत रोज ठरल्या वेळी लोक जिन्यात येऊन बसत. शेजाऱ्यांची नावं मला त्या उन्हाळ्यात कळली. त्यावर निघालेला तोडगा 'पुणे मॉडेल' म्हणून देशात गाजला. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. टंचाईच्या तासांत त्यांनी ते चालवायचे, सार्वजनिक वीजजाळ्यावरची तेवढी वीज शहराला मोकळी करायची, आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून वेगळ्या आकाराने वसूल करायचा. सुमारे ९० मेगावॉटचा हा खेळ. आयोगाच्या मंजुरीने २००६ मध्ये तो सुरू झाला आणि शहरातलं भारनियमन थांबलं. हे उत्तर पैसे असलेल्या शहराचं होतं, हे पुण्यात म्हणायला लोकांना जड जातं. शिरूर-दौंडच्या वाडीला जनरेटरवाले कारखाने कुठून मिळणार?

त्याच २००६ साली नियोजन आयोगाच्या समितीने एकात्मिक ऊर्जा धोरण मांडलं. अध्यक्ष किरीट पारिख. आठ टक्के विकासदर टिकवायचा तर २०३१-३२ पर्यंत वीजनिर्मिती क्षमता आठ लाख मेगावॉटच्या आसपास न्यावी लागेल, असा त्यांचा हिशोब. कोळसा, तेल, वायू, अणू, सरपण हे सगळं एका चौकटीत बसवणारा तो खरोखर मोठा प्रयत्न होता. पण अक्षय ऊर्जेला त्यात एकूण ऊर्जेच्या जेमतेम पाच-सहा टक्के वाटा होता. त्या वेळी हे शहाणपणाचंच वाटलं. २०१० मधल्या राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या निविदांत सौर विजेचा दर युनिटला अकरा-बारा रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला.

मागणीचा अंदाजही तसाच घसरत राहिला. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अठराव्या सर्वेक्षणाने २०१६-१७ साठी देशाची कमाल मागणी सुमारे २ लाख मेगावॉट धरली होती. प्रत्यक्षात ती १ लाख ६० हजारांच्या आसपास राहिली. फरक चाळीस हजार मेगावॉटचा, म्हणजे वीस कोयना. या अंदाजांच्या भरवशावर औष्णिक केंद्रांचे करार झाले होते. केंद्रं अर्धी चालली तरी स्थिर आकार ग्राहकाच्या बिलात येतोच.

तफावतीचं एक कारण स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात होतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिव्याची सरकारी खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरली आणि ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. पंख्यांचं तसं झालं नाही. साधा पंखा ७५ वॉट घेतो, नवा कार्यक्षम पंखा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे सव्वाशेहून जास्त युनिट वाचतात. असे पंखे स्वस्तात बाजारात यावेत म्हणून कारखानदारांना प्रोत्साहन द्यावं, ही सूचना प्रयासने बरीच वर्षं लावून धरली. गिरीश संत २०१२ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, अकाली गेले.

पुण्यात हे काम एकाच संस्थेचं नाही. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा आणि उष्ट्या-खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं. दोन्हींना ॲशडेन पुरस्कार मिळाला, २००२ आणि २००६ मध्ये. ऊर्जा म्हणजे वीज असं समजणाऱ्या नियोजनात चूल नेहमी तळटीपेत जाते, म्हणून हे नाव घेतलंच पाहिजे. अक्षय ऊर्जेच्या धोरणावर काम करणारी 'वाइज' ही संस्था २००४ पासून इथेच आहे, आणि अक्षय ऊर्जेचं काम पाहणाऱ्या राज्याच्या 'महाऊर्जा' या संस्थेचं मुख्यालयही पुण्यातच.

गेल्या दहा वर्षांत अभ्यासाचं हत्यार बदललं. २०१४ मध्ये नियोजन आयोगाने, ब्रिटनच्या ऊर्जा कॅल्क्युलेटरच्या धर्तीवर, २०४७ पर्यंतची ऊर्जा परिदृश्यं, म्हणजे 'असं केलं तर काय होईल' अशी चित्रं, कुणालाही संगणकावर चाळून पाहता येतील असं साधन खुलं केलं. आयोग वर्षभरात गेला. साधन नीती आयोगाकडे राहिलं. प्रयासने 'रूमी' नावाची मुक्त संगणक प्रणाली बनवली. तिच्यावर देशाचं जे प्रारूप उभं केलंय त्यात घरं राज्यवार, ग्रामीण-शहरी आणि उत्पन्न गटांप्रमाणे वेगळी मांडता येतात. कुणाकडे फ्रिज येईल, कुणाची चूल गॅसवर जाईल, हे आधी, मेगावॉट नंतर. रेड्डींच्या पद्धतीचा हा नातू आहे. एक तक्रार मात्र आहे: बिल मराठीत येतं, सुनावणीत शेतकरी मराठीत बोलतो, आणि त्याच्या मागणीचा आकडा ठरवणारे बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात.

शेतीपंपांच्या बाबतीत याच विचाराने कागदावरून शिवारात उडी घेतली. पंपांना पाळीपाळीने रात्रीची वीज मिळायची. अंधारात, सापा-विंचवांत दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जावं लागायचं. गावाजवळ छोटा सौर प्रकल्प उभारून शेतीचा स्वतंत्र फीडर, म्हणजे फक्त पंपांना वीज नेणारी वाहिनी, त्यावर चालवायचा, ही कल्पना २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणून आली आणि २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ७,००० मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं गेलं. शेतीची मागणी दिवसाकडे सरकवायची. भोसरीच्या गुरुवारचीच ही शेतीतली आवृत्ती.

आता अडचण पुन्हा संध्याकाळची आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. राष्ट्रीय वीज योजनेने २०३१-३२ साठी ३ लाख ६६ हजार मेगावॉट धरले आहेत. दुपारी सौर वीज भरपूर, सात वाजता ती शून्य. म्हणून केंद्राने २०२३ मध्ये उन्हाच्या तासांत स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग अशा दरांचे नियम केले. आणि दुपारची वीज साठवायला उदंचन प्रकल्प हवेत: स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. त्यासाठी उंच घाट आणि वर-खाली तलाव लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी अशा दोन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला १,००० मेगावॉट आणि पुणे जिल्ह्यात मावळातल्या शिरवत्याला १,८०० मेगावॉट. शिरवत्याचा तलाव शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठीच बांधला होता.